पान हलू द्या की!

मागच्या राखीपौर्णिमेला माझी भाची पिशोरला आली होती. वाळूजच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या पॅकिंग विभागात ती काम करते. नुकतीच सुपरवायझर झालेली, हाताखाली अठरा बायका. पेढे घेऊन आली, पण चेहरा पार उतरलेला. जेवता जेवता तीन वेळा फोन वाजला. एकीला चिकटपट्टीचे रोल कुठे ठेवलेत ते विचारायचं होतं, दुसरीला अर्ध्या दिवसाची सुटी हवी होती, तिसरीचं काय होतं ते मला कळलंच नाही. ताटातला वरणभात निवून गेला.

मी म्हटलं, "अगं, सुटी टाकून आलीस ना? मग दोन घास तरी सुखाने खा!"

तर ती हसून म्हणाली, "काय करू मावशी! मी एक दिवस नसले ना, तर तिथलं पानसुद्धा हलत नाही."

बोलण्यात तक्रार होती, पण आवाजात अभिमान होता. मी काही बोलले नाही. तिच्या ताटात गरम भात वाढला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी हलवत राहिले. कारण मैत्रिणींनो, हे वाक्य माझंच होतं. कित्येक वर्षं मी ते याच आवाजात म्हणत आले होते. आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका बाईने मोजली होती.

कपाटातले अठरा हजार

आमचं पिशोर म्हणजे कन्नड तालुक्यातलं, अंजना नदीच्या काठचं मोठं गाव. कपाशी, मका आणि अद्रक यांवर चालणारं. इथे २०१० साली आम्ही बारा जणींनी बचत गट सुरू केला. बी. ए. झालेली मी एकटीच, त्यामुळे अध्यक्षपद आपसूकच माझ्याकडे आलं. बँकेत जायचं तर मी, पंचायत समितीत जायचं तर मी. बैठकीची वही माझ्या अक्षरात, पासबुक माझ्या कपाटात, पैशांची पेटी त्याच कपाटात आणि पेटीची किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या पिनेला! एका महिला दिनाला गावात माझा सत्कार झाला. शाल-श्रीफळ देताना पाहुणे म्हणाले, "ताईंशिवाय या गटाचं पान हलत नाही." मी मान खाली घालून हसले. किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

२०१८ सालच्या पावसाळ्यात माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. टाके पिकले, मुक्काम लांबला. दवाखाना आणि त्यानंतर शहरात बहिणीकडे विश्रांती असे जवळजवळ दोन महिने मी गावाबाहेर होते. परत आले, कपाट उघडलं आणि एकेक गोष्ट समजत गेली.

गटाच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. खात्यावर पैसे होते. पण सही माझी आणि सचिवांची लागायची, आणि मी नव्हते. हप्ते वेळेवर गेले की गटाला व्याजात सवलत मिळते, ती हुकली. दोन्ही महिने बैठक झाली नव्हती. एवढ्यावर भागलं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण आमच्यातल्या एकीच्या लेकीला त्याच दिवसांत नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला पंधरा हजार कमी पडत होते. ती आमच्या घरापर्यंत आली, ओट्यावर बसली, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि परत गेली. मग तिने खासगी सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे उचलले. आठ महिन्यांत सहा हजार रुपये निव्वळ व्याज! आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये. म्हणजे तिला चोवीसशे पडले असते.

आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या कपाटातल्या पेटीत, कुलपात, गटाचे अठरा हजार रुपये रोख पडून होते.

"अहो, मग मला फोन का नाही केला?" मी तिला रागानेच विचारलं.

"ताई, तुम्ही तिकडं सलाईनवर. तुम्हाला पैशाचं कसं विचारावं?" ती म्हणाली.

मला बोलायला तोंड राहिलं नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. आमच्या सचिव संध्याकाळी घरी आल्या. सातवी शिकलेल्या. आठ वर्षांत मी त्यांच्या हाती वही दिली नव्हती, का तर अक्षर चांगलं नाही! त्यांनी पदराखालून तांदळाचा एक डबा काढला. आत दोन महिन्यांची अकरा जणींची बचत, प्रत्येकीची वेगळी पुरचुंडी. सोबत लेकीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर नाव, तारीख आणि रक्कम लिहिलेली. मी मोजलं. एक रुपयाही इकडचा तिकडे नव्हता.

म्हणजे पान हलत होतं, हो! मीच त्याच्यावर हात ठेवून बसले होते.

सात जणी आणि ऐंशी रुपये

आजारपणातून उठल्यावर मी एक केलं. जिथे बायकांनी मोठं काम उभं केलं आणि टिकवलं, ते कसं टिकलं याची माहिती जमवायला लागले. मग आपण रोज ज्याच्या जाहिराती बघतो, त्या लिज्जत पापडाकडे मी नव्याने पाहिलं.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकांनी ते दिले. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तोवर लिज्जतच्या भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली होती.

यात नशीब असेल, कष्ट तर होतेच. पण कष्ट काय, आपल्याकडे प्रत्येकच बाई करते. मला दिसला तो त्यांच्या कामाचा रिवाज. छगनबाप्पांनी पहिल्यापासून दोन गोष्टींचा आग्रह धरला: मालाच्या दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख हवा. कोणाची देणगी घ्यायची नाही, हे त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं. आजही भगिनी सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घेऊन जातात, घरी लाटतात, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात, ते तपासले जातात आणि लाटणावळ हातात पडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाखेची संचालिका बाहेरून कोणी शिकलेली मॅडम म्हणून येत नाही. जी पापड लाटत होती, तीच पुढे शाखा सांभाळते. आज लाटणारी उद्या चालवेल, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

पासष्ट वर्षांहून अधिक काळ ही संस्था का उभी आहे, याचं माझ्या मनाने दिलेलं उत्तर हेच. सातांपैकी एखादीने सगळ्या किल्ल्या आपल्या पिनेला अडकवल्या असत्या, तर तिच्या पहिल्या आजारपणातच गिरगावची ती गच्ची रिकामी झाली असती.

आधी वेळ लिहून काढा

तुम्ही म्हणाल, बचत गट वेगळा आणि कंपनी वेगळी. मलाही तसंच वाटायचं. पण भाची ट्रेनिंगला गेली तेव्हा तिला तिथे पीटर ड्रकर यांच्याबद्दल सांगितलं होतं. व्यवस्थापनशास्त्रातला हा मोठा माणूस. 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' हे त्यांचं पुस्तक १९६६ सालचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, परिणामकारक काम करणं ही जन्मजात देणगी नाही, ती सवय आहे आणि कोणालाही लावून घेता येते. सुरुवात कुठून? तर आपला वेळ नेमका कुठे जातो ते लिहून काढण्यापासून. आठवून चालणार नाही, त्या त्या वेळी लिहायचं. कारण आठवण आपल्याला हवं तेच सांगते!

मी हे करून पाहिलं. शाळकरी वही घेतली आणि पंधरा दिवस गटाच्या कामाला गेलेला वेळ लिहिला. मला वाटत होतं, मी फार महत्त्वाच्या कामात बुडालेली आहे. वहीने वेगळंच सांगितलं. हप्त्याची आठवण करायला घरोघर फिरणं, पासबुकात नोंद करायला बँकेच्या रांगेत उभं राहणं, झेरॉक्स काढणं, बैठकीचा निरोप देणं यातच बहुतेक वेळ गेलेला. यातलं प्रत्येक काम बारांपैकी कोणीही करू शकली असती. आणि जिथे मी खरोखर हवी होते तिथे? बँकेच्या साहेबांशी नव्या कर्जाचं बोलायचं होतं. जिच्या नवऱ्याने शेळीसाठी घेतलेलं कर्ज परस्पर उडवलं, तिच्या घरी जाऊन बसायचं होतं. नव्याने आलेल्या सुनेला चार शब्द बोलायला लावायचं होतं. या सगळ्याला मिळून आठवड्याचे जेमतेम दोन तास.

दिवसभर धावणं म्हणजे काम करणं, हा आपला बायकांचा जुना गैरसमज आहे. घरातही तेच. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर झोपते ती खरी गृहिणी! मग ती मुख्याध्यापिका झाली की शाळेचं कुलूप उघडण्यापासून खिचडीच्या तांदळापर्यंत सगळं तिच्याच डोक्यावर. अंगणवाडीची पर्यवेक्षिका झाली की प्रत्येक तक्ता तीच भरणार. 'मी केलं की पटकन होतं' हे तिचं म्हणणं त्या दिवसापुरतं खरंच असतं. पण वर्षभर ते पटकन करत राहिलं, तर वर्षाच्या शेवटी हाताखालच्या बाईला काय आलं? काहीच नाही. आणि मग आपणच म्हणायचं, "यांना काही येतच नाही!"

सोपवणं आणि ढकलणं

आमच्या गटात पुढच्या बैठकीत मी झालं ते सगळं मोकळेपणाने सांगितलं. पंधरा हजारांची गोष्टही सांगितली, नाव न घेता. माझी चूक झाली, हे चारचौघींत कबूल करताना जीभ जड झाली होती. मग आम्ही ठराव केला. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही सचिवांकडे. बँकेत तीन नावं दिली आणि तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार होईल असं लिहून दिलं. दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचायचा. बैठक दर महिन्याला वेगळीने चालवायची.

खरं म्हणजे यात आम्ही नवीन काहीच केलं नव्हतं. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', १९७५ साली स्थापन झालं. नाबार्डने गटांना बँकेशी जोडायचं काम १९९२ साली सुरू केलं. 'उमेद' अभियान आपल्या राज्यात २०११ साली आलं. या सगळ्यांच्या प्रशिक्षणात एकच पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. मी ती पाठ करून दुसऱ्या गावच्या बायकांना शिकवलीसुद्धा होती! पण 'नियमित' म्हणजे मी असले तरी आणि नसले तरी, हा साधा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

सोपवल्यावर सगळं गोड झालं असं मात्र समजू नका हं. पहिल्या महिन्यात बैठक चालवायला जिची पाळी होती, ती पदर तोंडाला लावून बसली. बैठक तासभर रेंगाळली. माझ्या अंगाला नुसती खाज सुटली होती मध्ये बोलायची! दुसऱ्या महिन्यात सचिवांनी एकीच्या नावावर पन्नासच्या जागी पाचशे लिहिले. आणि मी, इतकं सगळं शिकलेली मी, भर बैठकीत ओरडले, "म्हणून मी वही देत नव्हते!"

त्या उठल्या, वही माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेल्या. पुढची बैठक चुकवली, त्याच्या पुढचीही. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते, म्हणून मला आधी वाटलं कामात असतील. मग कळलं, त्या दिवशी घरी जाऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "माझं डोकं त्या कामाचं नाही." आठ वर्षं वही न देऊन जे नुकसान मी केलं नव्हतं, ते एका वाक्याने केलं होतं. मी त्यांच्या घरी गेले. चुलीपाशी बसून माफी मागितली. तांदळाच्या डब्याची आठवण दिली. म्हटलं, "मी नसताना तुम्ही गट सांभाळला. माझ्याच्याने तुमची एक चूक सांभाळली गेली नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला आल्या. त्या दिवसापासून मी एक नियम केला. चूक सांगायची ती एकटीला, कौतुक करायचं ते चारचौघींत. ऑफिसात, शाळेत, दुकानात, घरात सुनेशी, कुठेही हा नियम लावून बघा.

आणखी एक सांगते. सोपवणं आणि ढकलणं यात फार फरक आहे. कितीतरी ठिकाणी वरच्या मॅडम आपला अहवाल खालच्या बाईकडून लिहून घेतात आणि त्याला 'संधी दिली' म्हणतात. काम द्यायचं पण अधिकार द्यायचा नाही, शिकायला वेळ द्यायचा नाही, चुकलं की बोट दाखवायचं आणि जमलं की सही आपली ठोकायची. हे ढकलणं झालं. सोपवताना कामासोबत किल्लीही द्यावी लागते. आणि चुकलंच तर वरच्यांसमोर आपण उभं राहावं लागतं.

खुर्ची आपली, आवाज कोणाचा?

आता तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, "ताई, सोपवायची गोष्ट लांबच राहिली, आधी आमच्या हाती काही येऊ तरी द्या!" खरं आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून गावच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. पण खुर्चीवर ती आणि मोबाइलवर तिचा नवरा, हे चित्र अजून पुसलेलं नाही. कचेरीतही बाईने एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की ती 'खडूस' ठरते. पुरुषाने सांगितली की तो 'शिस्तीचा'.

यावर मला एकच उपाय दिसतो: कामाची माहिती आपल्या हाती असणं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट त्यासाठीच सांगते. चेतना सिन्हा यांनी तिथल्या कष्टकरी बायकांसोबत महिलांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका हटल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला आणि तुमच्या माणसांनाही घाला, बघू कोण आधी सोडवतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब ज्या बाईला कळतो, तिचं बोलणं मध्येच तोडणं अवघड असतं.

आणि आपल्या जवळचंच उदाहरण द्यायचं तर वेरूळच्या घृष्णेश्वराला आपण सगळ्या जातो. त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांनी १७६७ ते १७९५ अशी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं राज्यकारभार पाहिला. त्या रोज दरबारात बसून लोकांच्या तक्रारी स्वतः ऐकत असत, असं इतिहासात नोंदलेलं आहे. एवढा मोठा कारभार, तरी ऐकायला वेळ होता. आणि आपण? समोरची बाई वाक्य पुरं करायच्या आत आपला सल्ला तयार असतो! आमच्या बैठकीत मी आता सगळ्यात शेवटी बोलते. पहिल्यांदा दाराजवळ बसणारी बोलते, जी कधीच बोलत नाही ती. तिला बहुतेक वेळा असं काही माहीत असतं, जे पुढे बसणाऱ्यांना माहीत नसतं. ती फीची गोष्टसुद्धा दाराजवळ बसणाऱ्या बाईचीच होती.

मला कोणी फोनच केला नाही!

राखीच्या त्या दिवशी जेवण झाल्यावर मी भाचीला हे सगळं सांगितलं. पेटीतले अठरा हजार, तांदळाचा डबा, माझं ओरडणं, काही लपवलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मावशी, सगळं त्यांना यायला लागलं तर मला कोण विचारणार?"

बघा, मनातलं भय कसं बाहेर आलं! आपण कोणाला शिकवत नाही, याचं खरं कारण वेळ नाही हे नसतंच. आपली गरज संपेल ही भीती असते. ज्या बाईला घरात आणि बाहेर मोठ्या मुश्किलीने थोडा मान मिळालेला असतो, ती तो मुठीत घट्ट धरते. मी तिला दोष देत नाही, मीही तेच केलं होतं. पण ज्या कंपनीने तिला सुपरवायझर केलं, तिने चिकटपट्टीचे रोल शोधायला केलं नव्हतं ना! अठरा जणींचं काम नीट व्हावं, माल वेळेवर बाहेर पडावा, कोणाच्या बोटाला इजा होऊ नये आणि उद्या त्यातून आणखी दोघी सुपरवायझर व्हाव्यात, यासाठी ती तिथे आहे.

तिने पंधरा दिवस वही लिहिली. सामानाच्या कपाटावर चिठ्ठ्या लावल्या, कुठे काय ठेवलंय त्या. सुट्यांचा तक्ता भिंतीवर लावला. दोन जुन्या बायकांना सकाळची माणसं लावायचं काम दिलं. त्यातल्या एकीने पहिल्या आठवड्यात घोळ घातला. भाचीने तिला चहाच्या सुटीत बाजूला घेऊन सांगितलं आणि काम तिच्याकडेच ठेवलं. साहेबांनी विचारलं तेव्हा "जबाबदारी माझी आहे" असं म्हणाली. हे ऐकून मला तिच्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला.

पुढे मार्गशीर्षात घरात लग्न निघालं. भाची तीन दिवस सुटी टाकून आली. हळदीला नाचली, पंगतीत वाढायला फिरली, पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर कोपऱ्यात फोन हातात घेऊन बसलेली.

"काय गं, आला का कोणाचा फोन?"

"नाही ना मावशी," ती अगदी हिरमुसून म्हणाली, "तीन दिवसांत मला कोणी एक फोनसुद्धा केला नाही गं!"

मी तिला जवळ घेतलं आणि दोघी हसत सुटलो. आमच्या गटाची अध्यक्ष आता मी नाही. ज्यांचं अक्षर चांगलं नव्हतं, त्याच आता अध्यक्ष आहेत. नर्सिंगला गेलेली ती मुलगी नोकरीला लागली आणि तिच्या आईने दाराजवळची जागा सोडली; वही आता तिच्याकडे असते. मी बैठकीला जाते, बचत देते, विचारलं तर बोलते. सुरुवातीला मलाही वाईट वाटलंच. खोटं कशाला बोलू?

तर मैत्रिणींनो, या रविवारी एक काम करा. घरातलं असो, गटातलं, शाळेतलं की ऑफिसातलं, जे काम फक्त तुम्हालाच येतं असं तुम्हाला वाटतं ते एका कागदावर लिहा. त्याच्यासमोर एका दुसऱ्या बाईचं, लेकीचं, लेकाचं किंवा नवऱ्याचं नाव लिहा. आणि सोमवारपासून ते शिकवायला लागा. चुकेल, सांडेल, उशीर होईल. होऊ द्या. तुम्ही नसताना एखाद्या बाईला ओट्यावरून रिकाम्या हाताने परत जावं लागू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.